आश्रय आणि भाडे : उल्हास खोऱ्यातील भाड्याच्या घरांचा इतिहास

बदलापूर या नावाची एक व्युत्पत्ती सर्वांच्या परिचयाची आहे. कोकण आणि घाट यांच्या वाटेवर प्रवाशांचे घोडे येथे बदलले जात, म्हणून हे बदलापूर, असे जुने लोक सांगत आले आहेत. ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यातील भाव या भूमीस शोभणारा आहे. उल्हास नदीच्या काठी येणारा माणूस प्रथम मुक्कामाला येतो आणि मागाहून रहिवासी होतो. आज शिरगाव, आपटेवाडी, कात्रप या परिसरात स्वतःच्या घरात राहणाऱ्या असंख्य कुटुंबांचा आरंभ कोणाच्या तरी ओसरीवर, बैठ्या चाळीतील एका खोलीत किंवा घरामागे काढलेल्या पडवीत झालेला आहे. व्यापारानिमित्त कल्याण ते कर्जत या पट्ट्यात आलेली जैन कुटुंबेही यास अपवाद नाहीत. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड आणि दरमहा भाडे, हीच त्यांच्यापैकी अनेकांच्या संसाराची पहिली पायरी होती.

ज्यांनी भाड्याच्या घरातून आरंभ केला त्यांचीच पुढची पिढी आज घरमालक झालेली आहे. कोणी गुंतवणूक म्हणून दुसरी सदनिका घेतली आहे, कोणी बंगल्याच्या मागे दोन खोल्या काढल्या आहेत, तर कोणी गच्चीवर एक मजला चढविण्याच्या विचारात आहे. संस्थांपाशीही जागा आहेत आणि त्यांचे भाडे धर्मकार्यास लागते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी भाड्याच्या घराचा इतिहास पाहणे केवळ स्मरणरंजन ठरणार नाही. जो व्यवहार आपण दररोज करतो, तो कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आला आणि त्यात कोठे कोठे खड्डे पडले, हे त्यातून समजते.

श्रावकाचारातील वास्तू

जैन आचारशास्त्राने घराचा विचार फार बारकाईने केला आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे व्रत परिग्रहपरिमाणाचे. आपल्यापाशी किती संपत्ती असावी याची मर्यादा श्रावकाने स्वतःच ठरवावी, असे हे व्रत सांगते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना ज्या वस्तूंची नावे घेतली आहेत, त्यांत पहिली जोडी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, अशी आहे. सोनेचांदी, धनधान्य त्यानंतर येते. परिग्रहाची पहिली ओढ जमीनजुमल्याकडे असते, हे प्राचीन आचार्यांनी ओळखले होते.

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या व्रतातून पळवाट काढण्याच्या युक्त्यांचीही नोंद केली. त्यांपैकी एक ‘योजन’ या नावाची आहे. एका घराचे परिमाण घेतलेल्या गृहस्थाला शेजारचे घर हवेसे वाटते. व्रत तर मोडायचे नाही. मग तो शेजारचे घर घेतो, मधली भिंत पाडतो आणि ‘घर एकच आहे’ असे मनाचे समाधान करतो. संख्या तीच राहते, व्रत मात्र मलिन होते. घरामागे खोली काढून ‘हे आमचेच घर, वेगळे नव्हे’ असे नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यास सांगणारा आजचा गृहस्थ आणि हेमचंद्रांनी पाहिलेला तो भिंत पाडणारा गृहस्थ यांच्यात आठ शतकांचे अंतर आहे, मनाच्या ठेवणीचे फारसे नाही.

भाड्याविषयीही शास्त्रात विचार आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘भाटककर्म’ येते आणि या शब्दामुळे काहींच्या मनात घरभाड्याविषयी शंका निर्माण होते. हेमचंद्रांच्या विवेचनात या ठिकाणी गाड्या, बैल, रेडे, उंट, गाढवे, घोडे यांच्याकरवी भाड्याने ओझी वाहवून उपजीविका करणे अभिप्रेत आहे. मुक्या जनावराच्या पाठीवरचे ओझे हा तेथील दोष होय. तेव्हा भाडे या शब्दापेक्षा त्या भाड्यापायी कोणास पीडा होते, हा निकष महत्त्वाचा ठरतो.

याउलट आश्रय देणे हे तर दानातच गणले आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीने आवासाचे दान सांगितले आहे. श्वेतांबर परंपरेत साधुसाध्वींना उतरण्यास जागा देणाऱ्या गृहस्थास ‘शय्यातर’ म्हणतात आणि त्याच्याविषयी एक मार्मिक नियम आहे. ज्याने जागा दिली, त्याच्या घरचा आहार साधूंनी घ्यावयाचा नाही. याची जी कारणे सांगितली जातात, त्यांतील एक अत्यंत व्यवहारी आहे. आश्रय देणाऱ्यावरच सगळा भार पडू लागला, तर पुढच्या वेळी कोणी आश्रय देण्यास धजणार नाही आणि जागा मिळणेच दुर्लभ होईल. पुढे मुंबई प्रांताच्या भाडेकायद्याने हाच धडा फार महाग किंमत देऊन शिकविला.

मुंबई : धर्मशाळा, पांजरपोळ आणि चाळ

एकोणिसाव्या शतकात मुंबईत जैन श्रेष्ठींनी ज्या संस्था उभारल्या, त्यांत जागा आणि धर्मकार्य यांची सांगड प्रथमपासून दिसते. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर उभारणारे शेठ मोतीशा यांनी सर जमशेटजी जीजीभाय यांच्यासमवेत १८३४ मध्ये मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना केली. १८३२ मध्ये शहरातील भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगल झाली होती, तिची ही पार्श्वभूमी होय. जनावरांच्या चाऱ्याचा खर्च केवळ दरवर्षीच्या वर्गणीवर चालणारा नव्हता. संस्थेच्या मालकीच्या जागांचे भाडे हे त्यामुळे उत्पन्नाचे एक स्थिर साधन ठरले. दाता जातो, वर्गणीदार बदलतो, वास्तू मात्र राहते, हे व्यापारी मनाला पटणारे गणित होते.

शेठ माणिकचंद हिराचंद (१८५१–१९१४) यांनी हेच सूत्र शिक्षणाकडे वळविले. मुंबईतील शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग आणि सी. पी. टँक येथील हिराबाग धर्मशाळा ही त्यांच्या कार्याची ठळक चिन्हे. हिराबागेत यात्रेकरू उतरत, तेथेच तीर्थक्षेत्र कमिटीचे कामकाज चाले आणि त्याच आवारातून पंडित नाथूराम प्रेमी यांच्या ग्रंथरत्नाकर कार्यालयाची पुस्तके देशभर जात. परगावच्या विद्यार्थ्याला शहरात राहण्यास जागा मिळाली तरच त्याचे शिक्षण होते, ही त्या पिढीची जाणीव होती. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या महावीर जैन विद्यालयाचा पायाही हाच आहे.

धर्मशाळा काही दिवसांच्या मुक्कामासाठी होती, गिरणीच्या आणि गोदीच्या कामगारांना मात्र कायमची जागा हवी होती. ती चाळीने पुरविली. १९०१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबई बेटावरील सुमारे ८० टक्के लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांतील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या सरकारी चाळींहून कितीतरी अधिक चाळी खासगी मालकांनी बांधल्या. त्या काळी शेअर बाजार सर्वांना पेलणारा नव्हता आणि सामान्य माणसाला बँकांचा परिचय कमी होता. चार पैसे शिल्लक राहिलेल्या दुकानदाराला चाळीचा एक मजला हीच पेन्शन होती.

गोठलेले भाडे

पहिल्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने तीच परिस्थिती अधिक तीव्र केली. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. त्याने प्रमाणभाड्याचा पाया १ सप्टेंबर १९४० या दिवसाच्या भाड्यावर बांधला. मालकाच्या लहरीवर भाडेकरूला रस्त्यावर येण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागील हेतू निःसंशय चांगला होता. लक्षावधी कष्टकरी कुटुंबांना त्याने खरोखरच छप्पर राखून दिले.

परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी, पालिकेचा कर हे सारे काळाबरोबर वाढत गेले. भाडे तेवढे १९४० मध्येच उभे राहिले. दहा रुपये भाडे देणाऱ्या खोलीचे गळके छप्पर शंभर रुपयांत दुरुस्त होत नसेल, तर मालक दुरुस्ती करीत नाही आणि भाडेकरू ‘घर माझे नाही’ म्हणून करीत नाही. अशा घराची वाळवी दोघांचीही वाट पाहत नाही. मुंबईत इमारती कोसळू लागल्या तेव्हा शासनाला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. पुण्यातील वाड्यांचीही हीच कथा आहे. धर्मादाय संस्थांच्या चाळीही यातून सुटल्या नाहीत. दात्याने ज्या उत्पन्नाच्या भरवशावर वास्तू अर्पण केली, ते उत्पन्न पाणीपट्टीलाही अपुरे पडू लागले.

कायद्याने मिटविलेली किंमत मग मागच्या दाराने आली. तिचे नाव पागडी. भाडे नाममात्र आणि खोली हातात येण्यापूर्वी मात्र हजारो रुपये रोख, पावतीविना. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. याचा परिणाम असा झाला की रिकामी सदनिका असलेल्या माणसाने ती कुलूप लावून ठेवणे पसंत केले. एकदा दिलेली जागा परत मिळणार नाही ही धास्ती घराघरात शिरली. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे असा निर्वाळा दिला आणि महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीस मुभा दिली. शंभर रुपयांचे भाडे चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांत सुमारे २६७ रुपये होते. साठ वर्षांची तूट त्यातून भरून निघणारी नव्हती.

देशाच्या पातळीवर या सर्वांचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतातील शहरी घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, असे २०१७–१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात नमूद आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. एकीकडे बिऱ्हाडासाठी वणवण आणि दुसरीकडे कुलूपबंद घरे, असे हे चित्र होते. शय्यातराच्या नियमाने जे टाळावयास सांगितले होते, तेच घडले होते.

लोहमार्गाच्या काठाने

मुंबईत भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे थांबले, म्हणून नव्याने संसार थाटणारी कुटुंबे लोहमार्गाने पुढे पुढे सरकत गेली. गोठलेल्या भाड्याचे एक टोक गिरगावात असेल, तर दुसरे अंबरनाथ-बदलापुरात आहे. कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्येच खुला झाला होता. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आणि पुढे आयुधनिर्माणी आली. औद्योगिक वसाहती वसल्या. कामगारांच्या पाठोपाठ किराणा, कापड, भांडी, सोनेचांदी यांचे दुकानदार आले.

उल्हासनगरची कहाणी तर अद्वितीय आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकी पडदे आणि फळ्या लावून विभागल्या गेल्या. मग प्रत्येक कुटुंबाने आपल्या खोलीपुढे ओटा, मागे मोरी, वर माळा असे काही ना काही जोडले. आश्रयाच्या जागेतून दुकान आणि दुकानातून कारखाना उभा राहिला. मूळ घराला जोडून काढलेल्या जास्तीच्या खोलीने एखादे शहर कसे घडते, याचे उल्हासनगरइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच असेल.

त्या कहाणीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. खोलीवर खोली आणि मजल्यावर मजला चढविताना पाया किती भार सोसेल हा विचार मागे पडला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ च्या सुमारास उल्हासनगरातील ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न गाजला. २००६ मध्ये बांधकामे नियमित करण्यासाठी शासनाला या शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये तेथील दोन इमारतींचे स्लॅब एकाच महिन्यात कोसळले आणि माणसे प्राणास मुकली. कागदावर नियमित झालेली भिंत प्रत्यक्षात मजबूत होतेच असे नाही.

बदलापूरची वाढ याहून सावकाश आणि बरीच वेगळ्या पद्धतीने झाली. १९८३ मध्ये अंबरनाथ व बदलापूर हे भाग कल्याण महापालिकेत गेले आणि १९९२ मध्ये पुन्हा स्वतंत्र नगरपालिका आल्या. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती. दहा वर्षांत ती पावणेदोन लाखांजवळ पोहोचली. स्टेशनच्या पूर्वेस शिरगावकडे जाताना हा बदल घरांच्या रचनेत वाचता येतो. कौलारू घर, त्यामागे पत्र्याची बैठी चाळ, मग चार मजली इमारत आणि त्यापलीकडे उंच संकुल. यांतील बैठ्या चाळीची आणि घरामागच्या खोलीची दखल इतिहासात फारशी घेतली जात नाही. वास्तविक कारखान्यात नव्याने लागलेला तरुण, बदलीवर आलेला शिक्षक, मुंबईत हमाली करणारा माणूस यांचा या गावाशी पहिला संबंध तिनेच जोडून दिला. निवृत्त गृहस्थाला आणि पती निवर्तलेल्या सुनेला दरमहा हाती येणारी रक्कमही तिनेच दिली.

दोन गुंतवणुकींचा हिशेब

गुंतवणूक म्हणून सदनिका घेणे आणि राहत्या घराला जोडून भाड्याची खोली काढणे यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गृहस्थाने चाळीस लाख रुपयांना सदनिका घेतली आणि ती दरमहा नऊ हजार रुपये भाड्याने दिली. वर्षाचे भाडे एक लाख आठ हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर २.७ टक्के. सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, रंगरंगोटी आणि वर्षातून एखादा महिना जागा रिकामी राहणे यांपायी चव्वेचाळीस हजार गेले, तर हाती चौसष्ट हजार उरतात. हे प्रमाण १.६ टक्के झाले. कर्ज काढून घेतलेल्या घराचा हप्ता या भाड्यातून फिटणे अशक्यच. अशा गुंतवणुकीचा खरा भरवसा भाववाढीवर असतो आणि भाववाढ ही कोणाच्या हातची गोष्ट नाही.

आता दुसऱ्या गृहस्थाचा विचार करू. त्याची जमीन स्वतःची आहे. त्याने रीतसर परवानगीने घरामागे तीनशे चौरस फुटांचे स्वतंत्र बिऱ्हाड काढले. चौरस फुटास दोन हजार रुपये धरल्यास खर्च सहा लाख. भाडे दरमहा चार हजार, वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. कर, दुरुस्ती, रिकामा महिना यांचे दहा हजार वजा केल्यास अडतीस हजार उरतात, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक. जमिनीची वेगळी किंमत मोजावी लागत नाही, हे यामागील साधे कारण. शिवाय मालक शेजारीच असल्याने नळ गळला तर त्याच दिवशी समजते. म्हातारपणी सोबत मिळते आणि उद्या मुलाचे लग्न झाले तर तीच खोली घरच्यांना उपयोगी पडते.

या खोलीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ती वेगळी विकता येत नाही. सांडपाणी, पाण्याची जोडणी आणि विजेचे स्वतंत्र मीटर यांची व्यवस्था न करता काढलेली खोली शेजारधर्माची कसोटी पाहते. उल्हासच्या खोऱ्यात तर पूररेषेचा विचार अपरिहार्य आहे. २६ जुलै २००५ चा जलप्रलय आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या घटना येथील कोणीही विसरलेले नाही. सखल जागेत काढलेल्या मागच्या खोलीत पाणी प्रथम शिरते आणि त्या खोलीत मालक राहत नसतो. भाटककर्मातील ओझ्याचा विचार येथे नव्या रूपाने समोर येतो. आपल्या उत्पन्नाचे ओझे दुसऱ्याच्या जिवावर तर पडत नाही ना, हा प्रश्न बांधकामाचा नकाशा काढतानाच विचारावयास हवा. २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली आणि लहान भूखंडांवरील परवानगीची रीत पूर्वीपेक्षा सुलभ झाली. आता विनापरवाना खोली काढण्यास पूर्वीइतकी सबब उरलेली नाही.

लेखी करार आणि संस्थेची जागा

१९९९ च्या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर वाद उपस्थित झाल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, तसेच मालकास शिक्षाही होऊ शकते. मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय याच कायद्यात आहे. या सोयीमुळेच गेल्या पाव शतकात कुलूपबंद घरे हळूहळू उघडू लागली. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का इतके अल्प असताना ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला’ असे म्हणणे हे स्नेहाचे लक्षण मानता येत नाही. कागद केल्याने स्नेह टिकतो, हा व्यापारी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

संस्थेच्या जागेला तर आणखी एक बंधन आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांना संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. हे बंधन अनेकदा जाचक वाटते. पण गोठलेल्या भाड्याच्या काळात विश्वस्तांच्या स्नेहातील व्यक्तींना नाममात्र दराने दिलेल्या जागा पुढे संस्थेला कायमच्या दुरावल्याची उदाहरणे आठवली, म्हणजे त्याचे मोल कळते. देवद्रव्य आणि साधारण द्रव्य यांचा हिशेब वेगळा ठेवण्याची आपली परंपरा आहे. त्याच काटेकोरपणाने भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा निधी दरवर्षी बाजूला काढला पाहिजे. दात्याने दिलेली वास्तू उत्पन्न देत राहावी आणि दुरुस्तीअभावी ढासळावी, यात दात्याचा अवमान आहे.

घर कोणाला द्यावे

एक नाजूक प्रश्न शेवटी उरतो. अनेक जैन घरमालकांना आपल्या वास्तूत मांसाहार होऊ नये असे वाटते आणि अहिंसेच्या दृष्टीने ही भावना समजण्यासारखी आहे. समाजापुरत्या मर्यादित गृहनिर्माण संस्थेच्या नियमांचा प्रश्न एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात आला होता आणि न्यायालयाने संस्थेचे नियम वैध मानले. कायदा एवढी मोकळीक देतो. परंतु कायद्याने मिळालेली मोकळीक आणि श्रावकाचे वर्तन यांत अंतर असू शकते. घरात काय शिजावे याची अट करारात आधीच स्पष्टपणे लिहिणे हे एक, आणि आडनाव विचारताच ‘खोली गेली’ असे खोटे सांगणे हे दुसरे. पहिल्यात आचाराचा आग्रह आहे. दुसऱ्यात सत्याणुव्रताचा भंग आहे आणि दारातून परतणाऱ्या माणसाच्या मनाला होणारी पीडाही आहे. परिग्रहाच्या रक्षणासाठी सत्य आणि अहिंसा या दोन्ही व्रतांना बाध आणणे हा तोट्याचाच सौदा म्हणावा लागेल.

या भागात आलेल्या आपल्या पूर्वजांना ज्यांनी ओटा, गाळा किंवा खोली दिली, त्यांची भाषा, जात, पंगत बहुधा वेगळी होती. आगरी, कुणबी, ब्राह्मण, मराठा, मुसलमान, सिंधी अशा शेजारात हा व्यापार वाढला. कोणी भाडे थकल्यावरही पावसाळ्यात घर रिकामे करावयास सांगितले नसेल, कोणी दुकानाच्या पहिल्या दिवाळीला भाड्यात सूट दिली असेल. अशा गोष्टींची नोंद कोणत्याही दप्तरात नसते, पण त्यांच्यावाचून पेढ्याही उभ्या राहिल्या नसत्या आणि मंदिरेही.

पन्नास वर्षांपूर्वी शिरगावच्या आसपास भातखाचरे होती. येत्या काही वर्षांत येथे उरलेल्या बैठ्या चाळींच्या जागीही बहुमजली इमारती उभ्या राहतील. अशा वेळी समाजातील जाणत्यांनी आणि विश्वस्तांनी तीन गोष्टींची व्यवस्था लावणे इष्ट होईल. पहिली, संस्थेच्या आणि घरोघरच्या भाडेकरारांची नोंदणी. दुसरी, भाड्याच्या प्रत्येक वास्तूचा दुरुस्ती निधी आणि जुन्या बांधकामांची संरचनात्मक तपासणी. तिसरी, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने येणाऱ्या होतकरू तरुण-तरुणींना परवडेल अशा भाड्यात निदान काही खोल्या, ज्याचा आदर्श शेठ माणिकचंदांच्या पिढीने घालून दिला आहे. भाडे इतके कमी नसावे की घर मोडकळीस यावे आणि इतके जास्तही नसावे की राहणाऱ्याची कंबर मोडावी. या दोहोंमधला दर ठरविताना परिग्रहपरिमाण आणि आवासदान ही दोन्ही सूत्रे समोर ठेवली, तर सुवर्णमहोत्सवानंतरची पन्नास वर्षेही या गावात येणाऱ्या माणसाला मुक्कामासाठी उघडे दार सापडेल.

॥ जय जिनेंद्र ॥